पान पिवळं पडलंय? झारी उचलायच्या आधी हे बघा

घरातल्या झाडाचं एखादं पान पिवळं दिसलं की आपला हात पहिला जातो तो झारीकडे. झाड सुकतंय, पाणी हवं असेल त्याला. मी पण बरीच वर्षं हेच करत होते आणि माझी एक पीस लिली अशीच गेली, पानं माना टाकायची म्हणून मी पाणी घालायचे, दुसऱ्या दिवशी अजून मलूल व्हायची म्हणून अजून घालायचे, शेवटी कुंडीतून काढून बघितली तर खाली मुळं जवळजवळ नव्हतीच, काळा चिखल आणि कुजका वास. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा, कारण झाड तहानेने नाही तर पाण्यात गुदमरून मेलं होतं आणि दोन्हीची लक्षणं वरून अगदी सारखी दिसतात. तेव्हापासून मी एक नियम पाळते, पान पिवळं दिसलं की त्या दिवशी झाडाला काहीच द्यायचं नाही, ना पाणी ना खत, आधी नीट बघायचं. आता बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं ते सगळं इथे लिहिते.

आधी पिवळं म्हणजे काय ते समजून घ्या, मग पुढचं सोपं जातं. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. पण त्याच पानात पिवळी रंगद्रव्यं पण असतात, आधीपासूनच, फक्त हिरव्याखाली झाकलेली. झाडाला हरितद्रव्य बनवायला जमेनासं झालं किंवा झाडाने ते मोडून त्यातला माल परत घेतला की खालचा पिवळा रंग उघडा पडतो. असं व्हायला कारणं बरीच आहेत, मुळांना हवा नाही, उजेड नाही, नत्र नाही, लोह मिळत नाही, कीड रस पितेय, किंवा साधं म्हातारपण. म्हणून "पिवळ्या पानांवर औषध सांगा" असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, कुठलं पान?

कुठलं पान पिवळं पडलं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे

हे मला फार उशिरा कळलं, तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा. झाडाच्या अंगात काही अन्नद्रव्यं इकडून तिकडे फिरू शकतात, नत्र, स्फुरद, पोटॅश, मॅग्नेशियम. ही कमी पडली की झाड खालच्या जुन्या पानांतून काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा पानात गेले की जवळजवळ तिथेच अडकतात, जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाहीत. म्हणून लोह कमी पडलं की जुनी पानं मस्त हिरवी आणि शेंड्याची नवी पानं पिवळी, असं उलटं चित्र दिसतं.

म्हणजे बघा, फक्त सगळ्यात खालचं एखादं पान, अधूनमधून, आणि बाकी झाड टवटवीत, नवे कोंब येतायत, तर काही झालेलं नाही. पान जुनं झालं, गळणार. ड्रॅसिना, डिफेनबेकिया यांची खालची पानं गळतच जातात आणि खोड उघडं पडत जातं, ती त्यांची वाढायची पद्धतच आहे. यासाठी खत, औषध, रिपॉटिंग (कुंडी बदलणं) काहीही करू नका. खालची तीन-चार पानं एकदम पिवळी झाली तर मात्र लगेच मातीत बोट घाला, पाण्याचा किंवा मुळांचा प्रश्न असणार. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. खिडकीच्या उलट्या बाजूची किंवा झाडाच्या आतली पानं पिवळी तर उजेड. पानावर बारीक बारीक पिवळे ठिपके, कोणीतरी सुई टोचल्यासारखे, तर कीड. हे तंतोतंत प्रत्येक वेळी जुळेलच असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते नक्की कळतं.

पाणी, आणि यावरच मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे

कारण घरातल्या कुंड्यांचा सगळ्यात नेहमीचा घोळ हाच आहे. मुळांना नुसतं पाणी लागत नाही, हवा पण लागते, ती पण श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यात पाणी आणि हवा दोन्ही असायला हवी. आपण रोज थोडं थोडं पाणी घालत राहिलो की त्या पोकळ्या सतत भरलेल्या राहतात, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, आधी मुळांची टोकं मरतात आणि मग मेलेल्या मुळांवर पिथियमसारखे कुजवणारे जीव वाढतात. मुळंच गेली की कुंडीत कितीही पाणी असू दे, झाडाला ते वर ओढता येत नाही. पानं मलूल होतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आपण अजून घालतो. माझ्या पीस लिलीचं हेच झालं.

ओळखायचं कसं? जास्त पाण्याने पिवळं झालेलं पान मऊ, लिबलिबीत असतं, माती ओली असते, खोड मातीपाशी दाबलं तर मऊ लागतं, कुंडीजवळ गेलं की आंबूस वास येतो आणि बऱ्याचदा मातीवरून छोट्या काळ्या माश्या उडतात. त्या माश्या सतत ओल्या मातीत अंडी घालतात, त्यामुळे त्या दिसल्या की समजा वरचा थर तुम्ही कधी वाळूच देत नाही आहात. कमी पाण्याने पिवळं झालेलं पान याच्या उलट, कडा वाळलेल्या, तपकिरी, हातात घेतलं तर कुरकुरीत, कुंडी उचलली तर एकदम हलकी आणि माती कडेने सुटून कुंडीच्या भिंतीपासून लांब झालेली.

बोटाची परीक्षा सगळ्यांना माहिती असते पण लोक वरवर हात लावतात आणि कोरडं लागलं म्हणून पाणी घालतात. बोट दोन पेरं आत घाला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर हे अजूनच महत्त्वाचं कारण कोकोपीट वरून फिकट, कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. मोठ्या कुंडीत बोट पुरत नाही, तिथे एक लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, पाच-दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढल्यावर ओली किंवा माती चिकटलेली निघाली तर अजून थांबा. आणि कुंडी उचलून बघायची सवय लावा, पाणी घातल्यावर लगेच एकदा उचला आणि वाळल्यावर एकदा, दोन-तीन आठवड्यांत हातालाच कळायला लागतं, मग बोट घालायची पण गरज पडत नाही.

किती दिवसांनी पाणी घालायचं, हा प्रश्न मला खूप जण विचारतात आणि मी त्याला उत्तर देत नाही, मुद्दामच. कारण तेच झाड खिडकीत चार दिवसांत कुंडी कोरडी करेल आणि खोलीच्या कोपऱ्यात दोन आठवडे ओली ठेवेल. थंडीत, ढगाळ दिवसांत वाढ मंदावते, पाणी कमी लागतं. कॅलेंडर बघून नाही, माती बघून घाला. पण घालाल तेव्हा पोटभर घाला, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि मग प्लेटमध्ये साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाका. रोज अर्धा कप शिंपडणं यापेक्षा वाईट काही नाही, वरचा थर कायम ओला आणि खालची मुळं कधी कोरडी तर कधी चिखलात.

मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन यांना वरचे दोन-तीन सेंटिमीटर वाळले की पाणी द्या. पीस लिली जरा लवकर मागते. स्नेक प्लांट आणि झेडझेड (झेडझेड प्लांट) यांना मात्र माती पूर्ण, तळापर्यंत कोरडी होऊ द्या, झेडझेड जमिनीखाली बटाट्यासारख्या जाड गाठींत पाणी साठवून ठेवते, तिला आठवड्याला पाणी दिलं की त्या गाठी कुजतात आणि अख्खी काडी एकदम पिवळी पडून आडवी होते.

मुळं कुजली असतील तर

माती नुसती ओली आहे, वास नाही, खोड घट्ट आहे, तर घाबरू नका. पाणी बंद, झाड जरा उजेडाच्या आणि हवेशीर जागी (कडक उन्हात नाही), काडीने मातीत चार-पाच ठिकाणी भोकं पाडा म्हणजे हवा जाईल, आणि वाट बघा. बऱ्याच वेळा एवढ्याने भागतं.

वास येत असेल किंवा खोड मऊ असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, झाड बाहेर काढा. माती झटका, मुळं साध्या पाण्याने धुवा. चांगलं मूळ घट्ट असतं, बहुतेक झाडांत पांढरं किंवा मळकट पांढरं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि आत नुसता दोरा राहतो. रंगावर एकट्या जाऊ नका, ड्रॅसिना आणि स्नेक प्लांटची निरोगी मुळं पण नारिंगी असतात, त्यामुळे दाबून बघा, घट्ट म्हणजे जिवंत. कुजलेलं सगळं कापून टाका, अगदी मन घट्ट करून, थोडं ठेवलं तर तेच पुढे पसरतं. कात्री आधी स्पिरिटने पुसा, आणि कापताना मध्ये मध्ये पण.

मग नवी, कोरडसर माती आणि जेवढी मुळं उरली तेवढ्याच मापाची लहान कुंडी. जुनी माती परत वापरू नका. मुळं कमी झालीत म्हणून वरची पण थोडी पानं काढावी लागतात, नाहीतर तेवढ्या पानांना पाणी पुरवणं त्यांना झेपत नाही. एकदा हलकं पाणी द्या, उन्हापासून लांब ठेवा आणि नवं पान दिसेपर्यंत खत अजिबात नाही. अजिबात म्हणजे अजिबात.

मुळं सगळीच गेली असतील तरी झाड संपलं असं नाही. मनी प्लांटची एक निरोगी पेर (पान फुटतं ती गाठ) असलेली फांदी पाण्यात ठेवा, साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. स्नेक प्लांटचं पान कापून, कापलेली बाजू दोन-तीन दिवस सुकवून मातीत लावलं तरी जगतं, फक्त वेळ लागतो, महिने लागतात. आणि एक सांगते, पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट असेल तर पानापासून आलेल्या नव्या रोपाला तो पिवळा काठ येत नाही, साधं हिरवं येतं. काठ हवा असेल तर मुळापासून फुटलेलं पिल्लूच वेगळं करून लावावं लागतं.

कुंडी आणि माती

भोक नसलेल्या कुंडीत झाड लावू नका, कितीही सुंदर असली तरी. सुंदर कुंडी वापरायचीच असेल तर झाड साध्या भोकाच्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवा आणि ती आत ठेवा, फक्त पाणी घालताना बाहेर काढा. आतल्या तळाशी साचलेलं पाणी दिसत नाही आणि झाड आठवडाभर त्यात पाय बुडवून उभं असतं.

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. खरं तर होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते तिथेच थांबून राहतं. म्हणजे खड्यांनी झालं काय, तर तळाचा ओला थर मुळांच्या अजून जवळ आला आणि मुळांना जागा कमी झाली. त्यापेक्षा सगळी मातीच मोकळी करा. मी साधारण दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू आणि एक भाग गांडूळखत असं घेते, स्नेक प्लांट आणि झेडझेडला परलाइट अजून वाढवते. बागेतली नुसती माती कुंडीत दगडासारखी बसते.

आणि झाड मोठं व्हावं म्हणून एकदम भलीमोठी कुंडी देऊ नका. मुळं जिथे पोचलीच नाहीत तिथली माती कोण पिणार? ती ओलीच राहते. आधीच्या कुंडीपेक्षा तीन-पाच सेंटिमीटर रुंद, बस. उलट बाजूने, मुळं भोकातून बाहेर डोकावतायत, पाणी घातलं की लगेच खालून पळून जातंय आणि खालची पानं पिवळी होतायत, असं असेल तर झाड कुंडीत कोंबलं गेलंय, तेव्हा मात्र कुंडी बदलायलाच हवी.

फारच कोरडी पडून कडक झालेली माती असेल तर वरून पाणी घालून उपयोग नाही, कडेच्या फटीतून निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच. कुंडी बादलीत पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवा, बुडबुडे थांबले की काढून नीट निथळू द्या.

उजेड

उजेड आणि पाणी हा एकच हिशोब आहे, हे ज्या दिवशी डोक्यात बसलं त्या दिवसापासून माझी झाडं मरायची कमी झाली. उजेड कमी तर झाड अन्न कमी बनवणार, पाणी कमी ओढणार, आणि तुम्ही तेवढंच पाणी घालत राहिलात तर तेच पाणी जास्त होणार. त्यामुळे "मी पाणी तर नेहमीएवढंच घालते" याला काही अर्थ नाही, झाड खिडकीतून टीव्हीशेजारी सरकवलं असेल तर नेहमीएवढं हे आता जास्त आहे.

आपले डोळे इथे फसवतात. आपल्याला अख्खी खोली उजळ वाटते पण खिडकीपासून दोन मीटर लांब गेलं की झाडाला मिळणारा उजेड खूपच कमी झालेला असतो. दुपारी झाडाच्या जागी कागद ठेवा आणि वर एक फूटभर हात धरा. सावली स्पष्ट, कडा रेखीव म्हणजे भरपूर उजेड. धूसर सावली म्हणजे मध्यम, बहुतेक पानांच्या झाडांना चालतं. सावलीच दिसत नाही तर तिथे स्नेक प्लांट, झेडझेड तग धरतील, पण धरतील एवढंच. लहान फिकट पानं, लांबट झालेली फांदी आणि आतल्या बाजूची पिवळी पानं, ही उजेड कमी असल्याची खूण. खिडकीजवळ न्या, आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, त्या धुळीने पण उजेड अडतो.

पण सावलीतलं झाड एकदम उन्हात नेऊ नका. उन्हाने भाजलेलं पान वेगळं दिसतं, ज्या बाजूला ऊन लागलं तिथेच फिकट पिवळे-पांढरे चट्टे, मग ते कागदासारखे तपकिरी होतात. ते चट्टे परत हिरवे होत नाहीत. एक-दोन आठवडे घेऊन हळूहळू सवय लावा.

नवं आणलेलं झाड पहिल्या काही आठवड्यांत दोन-चार पानं टाकतंच. नर्सरीत त्याला दमट हवा आणि भरपूर उजेड होता, घरात तसं नाही. फायकस बेंजामिना तर जागा हलवली तरी पानांचा सडा पाडते. अशा वेळी घाबरून तिला अजून एका जागी, मग अजून एका जागी असं हलवत बसू नका, एक चांगली जागा द्या आणि तिथेच राहू द्या. कुंडी पण लगेच बदलू नका, माती चिखल नसेल तर.

थंडीचं थोडक्यात. आपण घरात ठेवतो ती बरीचशी झाडं उष्ण, दमट जंगलातली आहेत, तापमान १० ते १२ अंशांच्या खाली गेलं की त्यांना त्रास होतो. एसीचा झोत थेट अंगावर, हिटरच्या तोंडाशी, रात्री गार पडणाऱ्या काचेला पानं टेकलेली, हे टाळा.

खत, लोह आणि क्षार

खत हा पहिला उपाय नाही, शेवटचा आहे. मुळं आजारी असताना खत दिलं तर मातीत क्षार वाढतात आणि उरलीसुरली मुळं पण भाजतात. आधी पाणी, मुळं, उजेड हे तपासून झालं, सगळं ठीक आहे, आणि झाड त्याच मातीत दोनेक वर्षं आहे, खत कधी दिलेलंच नाही, खालची पानं अख्खीच्या अख्खी एकसारखी फिकट होत पिवळी होतायत आणि नवी पानं लहान येतायत, तेव्हा नत्र कमी आहे असं समजा. कुठलंही चांगलं संतुलित पातळ खत पाकिटावरच्या अर्ध्या प्रमाणात, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा-दोनदा, ओल्या मातीवर.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, बऱ्याचदा देठाजवळ हिरवा त्रिकोण उरलेला, तर मॅग्नेशियम. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, ते नाही तर हिरवा रंग बनणारच नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, एक लिटर पाण्यात एक लहान चमचा, महिन्यातून एकदा. पण हे टॉनिक म्हणून सगळ्या झाडांना देत सुटू नका, कमतरता नसेल तर उगाच क्षार वाढतात.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, हे लोहाचं, आणि इथे गंमत अशी की मातीत लोह बहुतेक वेळा असतंच. माती अल्कधर्मी झाली, म्हणजे पीएच ७ च्या वर गेला, की ते लोह मुळांना घेता येत नाही अशा रूपात अडकतं. जड, क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घातलं की हळूहळू असंच होतं. म्हणून गंजके खिळे मातीत पुरणं हा जुना उपाय चालत नाही, गंज म्हणजे तेच अडकलेलं लोह. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) मिळतं, ते द्या, आणि शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी अधूनमधून वापरा, माती जुनी असेल तर बदला. एक मात्र आधी बघा, सतत ओल्या मातीत गुदमरलेल्या मुळांना पण लोह घेता येत नाही आणि पानं हुबेहूब अशीच दिसतात. म्हणजे फिरून परत तेच, आधी बोट मातीत.

खत जास्त झाल्याची खूण म्हणजे मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर, पानांची टोकं तपकिरी आणि त्याभोवती पिवळी रेघ. वरचा थर खरवडून टाका आणि कुंडी नळाखाली किंवा बाथरूममध्ये ठेवून तिच्या मापाच्या तीन-चार पट साधं पाणी हळूहळू ओता, सगळं खालून वाहून जाऊ द्या. भोक चांगलं असेल तरच हे करा.

कीड

पान उलटून बघा. खरंच, किती लोक पानाची खालची बाजू कधी बघतच नाहीत, आणि सगळं तिथेच चाललेलं असतं. बारीक पिवळे ठिपके आणि देठापाशी अगदी तलम जाळी, तर लाल कोळी. डोळ्याला नीट दिसत नाहीत, पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, ठिपके पडले आणि चालायला लागले की तेच. कोरड्या, गरम हवेत खूप वेगाने वाढतात. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे मिलीबग. खोडावर तपकिरी, नखाने निघणारे टणक फोड म्हणजे खवले कीड. चंदेरी ओरखडे आणि त्यावर काळे बारीक ठिपके तर थ्रिप्स.

झाड लगेच बाकीच्यांपासून लांब न्या. बाथरूममध्ये पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा मारा, निम्मी कीड तिथेच जाते. मग एक लिटर पाण्यात ५ मिली सौम्य लिक्विड सोप, हवं तर ५ मिली कडुनिंबाचं तेल, चांगलं घुसळून पानांच्या दोन्ही बाजूंना, संध्याकाळी, उन्हात कधीच नाही. आधी एका पानावर करून दोन दिवस बघा, काही झाडांना सोसत नाही. कपड्याची डिटर्जंट पावडर वापरू नका. मिलीबगला स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी एकेकाला लावा, कंटाळवाणं आहे पण उपयोग होतो. आणि एकदा मारून थांबू नका, फवाऱ्याने अंडी सगळी मरत नाहीत, त्यामुळे दर पाच-सात दिवसांनी तीन-चार वेळा करावंच लागतं. बहुतेक जण इथेच चुकतात, पहिल्या फवाऱ्याने झाड बरं दिसतं आणि तीन आठवड्यांनी सगळं परत.

पाण्यातला मनी प्लांट पिवळा पडत असेल तर त्यात अन्नच नसतं हे लक्षात घ्या. आठवड्याला पाणी बदला, पाण्याखाली आलेली पानं काढा, महिन्यातून एकदा पातळ खताचे दोन-चार थेंब, आणि काचेवर शेवाळ येत असेल तर बाटलीला थेट ऊन लागू देऊ नका.

पिवळं पान कापायचं का?

अर्धवट पिवळं असेल तर राहू द्या, झाड त्यातलं नत्र वगैरे परत घेत असतं. पूर्ण पिवळं झालं की हलकं ओढलं तरी हातात येतं, तेव्हा काढा. कीड किंवा काळे डाग पसरत असतील तर मात्र लगेच कापून टाका. पूर्ण पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्याची वाट बघू नका. लोह किंवा मॅग्नेशियम कमी असलेलं पान वेळेत सापडलं तर थोडं सावरू शकतं. मनी प्लांट, पीस लिली, डिफेनबेकिया यांच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कापल्यावर हात धुवा, डोळ्याला लावू नका, आणि घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं बाळ असेल तर गळलेली पानं जमिनीवर पडू देऊ नका, चावली तर तोंडाची खूप आग होते.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईघाईत माती बदलली, जागा बदलली, खत दिलं, फवारलं, सगळं एकाच रविवारी, तर झाडाला चार धक्के बसतात आणि ते सुधारलं किंवा मेलं तरी कशामुळे ते आपल्याला कळत नाही. मी त्या दिवशी झाडाचा एक फोटो काढून ठेवते, काय केलं ते फोनमध्ये लिहिते आणि तीन-चार आठवडे थांबते, कुजलेली मुळं आणि कीड सोडून, त्यांना थांबता येत नाही. या काळात जुनी पानं अजून एक-दोन पिवळी होऊन गळू शकतात, ती आधीच्या त्रासातली असतात, त्यावरून अंदाज बांधू नका. शेंड्याकडे बघा. नवं पान किती मोठं येतंय, कुठल्या रंगाचं येतंय, आधीच्यापेक्षा पुढे आहे का मागे, ते त्या फोटोशी लावून बघा आणि मगच पुढचं काय करायचं ते ठरवा.